पुडीतला दात

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकीने मला मागीलदारी बोलावलं. इकडेतिकडे बघून तिने कनवटीची एक पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वर्तमानपत्राच्या कागदाची, देवळातून अंगारा आणतो तशी घडी घातलेली. आत हरभऱ्याच्या डाळीएवढा एक पिवळट-तपकिरी तुकडा होता. "दात तुटलो माझो," ती हळूच म्हणाली. आदल्या रात्री आंगणेवाडीहून आणलेलं खाजं खाताना तो कट्कन सुटला होता. आल्यागुळाच्या त्या कडक कांडीत तो जिभेला लागला, तिने तो काढला, धुतला आणि रात्रभर उशाशी ठेवला. "जपान ठेवलंय. परत चिकटवूक येयत काय गो?"

मी तो तुकडा उन्हात धरला. एका अंगाने खडबडीत, काळपट, पोपडे धरलेल्या गिलाव्यासारखा. दुसऱ्या अंगाने मात्र गुळगुळीत आणि जरासा खोलगट, कशावर तरी वर्षानुवर्षं चिकटून बसला असावा तसा. मला शंका आली होती, पण मी काही बोलले नाही. "तोंड उघड बघू," म्हटलं तर तिने पदर ओठांवर धरला. एकाहत्तर वर्षांची ही बाई. हिने मला न्हाऊ घातलं, तापात रात्र रात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या, माझ्या दुधाच्या दातांचे शेणाचे गोळे करून कौलांवर फेकले. माझ्या तोंडातला एकेक दात तिला ठाऊक होता. तिच्या तोंडात मात्र मी कधीच पाहिलं नव्हतं. घरातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

काकी पदराआड हसते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मला तो तिचा लाजरा स्वभाव वाटायचा. आमच्या आचऱ्याच्या बाजूच्या बायका अशाच हसतात, असं मी पुण्यात मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं. त्या दुपारी ती पुडी हातात घेऊन उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की हे लाजणं नव्हतं, लपवणं होतं. आणि चाळीस वर्षं मी त्याचं कौतुक करत आले होते.

मागीलदारची ती जागा म्हणजे मशेरीची जागा. दुपारची भांडी झाली की चुलीवर तवा चढायचा, त्यावर तंबाखू भाजली जायची, आणि तो घशात उतरणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा धूर घरभर फिरायचा. आम्ही पोरं ठसकत खळ्यात पळायचो. मग शेजारच्या दोघीतिघी यायच्या. तळहातावर काळी चिमूट घेऊन, तर्जनीने दातांवरून फिरवत, बोलत, थुंकत, पुन्हा बोलत बसायच्या. दिवसभरात त्यांना स्वतःसाठी मिळणारा तेवढाच वेळ. काकीला मशेरी सासूने दिली, दुसऱ्या बाळंतपणात, दाढ ठणकत होती म्हणून. दाढेचं दुखणं मशेरीने थोडं बधिर केलं आणि ती चिमूट कायमची हाताला लागली. सकाळी उठल्यावर, न्याहारीनंतर, दुपारी, तिन्हीसांजेला, निजताना. म्हणजे दिवसातून पाच वेळा ही बाई दात घासत होती. दात घासत नाही म्हणून तिचं असं झालं, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं ठरेल. ती जिवाच्या आकांताने घासत होती. बोट जिथवर पोचतं तिथवर.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेवेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता, स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवणारा. तो रोज सकाळी मिठाने दात घासायचा, वर कापडाने पुसायचा. तरीही दातांच्या फटीत पिठाच्या खळीसारखं पांढरं काहीतरी उरतं हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते खरवडून भिंगाखाली धरलं, तर त्यात असंख्य बारीक जीव वळवळत होते. १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. मिठाने दात घासणं आमच्याकडेही होतं. आजी मीठ आणि तुसाची राख घ्यायची, आजोबा पायरीवर बसून आंब्याचं पान दुमडून दातांवर फिरवायचे आणि मग त्याच्याच शिरेने जीभ खरवडायचे. मीठ, राख, पान, मशेरी, सगळं दातांच्या दर्शनी भागावरून फिरायचं. फटीत आणि आतल्या अंगाला जे उरायचं ते उरायचंच.

दुसऱ्या दिवशी मी काकीला मालवणला नेलं. एसटीत खिडकीशी बसून ती वाटभर पुडी मुठीत धरून होती. दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी पुडी उघडली, तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि काकीला म्हणाल्या, "आजी, हा दात नाही. हे किटण आहे. तुमचा दात जागेवरच आहे." काकीच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, आणि मग लगेच काहीतरी हरवल्यासारखं. रात्रभर जपलेली वस्तू तिचा दात नव्हतीच.

तो तुकडा खालच्या पुढच्या दातांच्या मागून सुटला होता. किटण धरायची ही अगदी ठरलेली जागा. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे लावून पाहा, तिथे नेहमी ओल असते. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण कानापुढच्या ग्रंथीची नळी तिथे येते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं आणि ते दातांच्या भल्यासाठीच असतं, झिजलेलं कवच तेच थोडंथोडं भरून काढतं. पण दातावर जर जंतूंचा मऊ थर तसाच राहिला, तर तेच क्षार त्या थरात उतरतात आणि त्याचा दगड करतात. मऊ असतो तेव्हा त्याला प्लाक म्हणतात. घासून झाल्यावर काही तासांत तो पुन्हा धरायला लागतो, जिभेला सकाळी जाणवतो तो बुळबुळीतपणा त्याचाच. एकदोन दिवस तो तसाच राहिला की त्यात क्षार बसायला सुरुवात होते, आणि पंधरवड्याच्या आत त्याचं पक्कं किटण होऊ शकतं. तोवर साध्या ब्रशने निघून जाणारी गोष्ट, नंतर कितीही घासा, निघत नाही.

डॉक्टरांनी काकीच्या हातात आरसा दिला. तिने स्वतःचे दात मागून पहिल्यांदा पाहिले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "कातळार कालवां बसतत तशी बसली हत."

इतकं नेमकं मला सुचलं नसतं. काकीचं अर्धं आयुष्य कालवं काढण्यात गेलंय. सुकती लागली की खाडीच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यातल्या कातळावर, लोखंडी कांब घेऊन वाकायचं, एकेक कालव फोडायचं, आतला मऊ गर भांड्यात टाकायचा. पायाला चिरा, हाताला चिरा. तिला ठाऊक आहे की नुसत्या कोऱ्या दगडावर कालव बसत नाही, आधी दगडाला बुळबुळ धरावी लागते. तिला हेही ठाऊक आहे की एकावर एक बसत जातात, की वरच्या खडबडीत अंगावर पुढचं कालव आणखी सहज धरतं. कालव समुद्रातून चुना घेतं, किटण लाळेतून क्षार घेतं. दातावरच्या दगडाचंही नेमकं तसंच आहे. तो दगड मेलेला असतो, तो स्वतः हिरडी खात नाही. पण त्याच्या खडबडीत पाठीवर जिवंत थर ठाण मांडतो, आणि हिरडी सुजते ती त्या थरामुळे.

स्वच्छ करूया म्हटल्यावर मात्र ती खुर्चीतून उठलीच. "नको. किटण काढलां की दात हालाक लागतत." हे तिला कुणी सांगितलं होतं? सगळ्यांनीच. वाडीत अशी दोन-तीन उदाहरणं तिने नावानिशी सांगितली. डॉक्टर शांतपणे समजावत होत्या, आणि मला घाई होती. दुपारच्या गाडीने परतायचं होतं. मी पुढे झाले आणि म्हणाले, "काकी, तू इतकी वर्षं कालवं काढतेस. कालव काढल्यावर कातळ हलतो का कधी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली.

हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. तिच्याच जगातलं, तिला पटेल असं. पुढचे सहा महिने ते मला टोचत राहिलं, कारण ते अर्धंच खरं होतं. डॉक्टरांनी माझ्यानंतर लगेच ते दुरुस्त केलं होतं, माझं लक्ष नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "आजी, आधीच सांगते. खालचा मधला एक दात आत्ताच हलतोय. किटणाने बाजूच्या दातांना बांधलाय म्हणून तुम्हाला कळत नाही. साफ केल्यावर तो हलेल, राहील की नाही सांगता येत नाही. बाकीचे मात्र वाचवता येतील." कातळ हलत नाही हे खरं, पण दात कातळात रुजलेला नसतो. तो हाडात असतो आणि सुजलेल्या हिरडीखालचं हाड हळूहळू विरत जातं. विरलेलं हाड साफसफाईने परत येत नाही. वाडीतल्या बायकांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. किटण काढल्यावर दात हलताना त्यांनी खरोखर पाहिले होते. दात आधीच सुटलेला होता, दगडाने तो नुसता धरून ठेवला होता, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मला बाबा आठवले. बाबांच्या दातांना एक कीड नव्हती. ऊस सोलायचे दातांनी, हे ते अभिमानाने सांगायचे. पन्नाशी ओलांडली आणि खालचे दात एकेक करून हलायला लागले, दुखल्याशिवाय, आणि एक एक हाताने निघाले. अख्खे, पांढरे, धडधाकट दात. आम्ही म्हणायचो, वय झालं. बावन्नाव्या वर्षी वय झालं! सकाळी चूळ भरताना त्यांच्या थुंकीत गुलाबी रंग असायचा, विहिरीच्या कट्ट्यावर तो रंग मी रोज बघायची. रक्त येतं म्हणून ते त्या बाजूला घासायचं टाळायचे. घासणं सोडलं म्हणून थर वाढला, थर वाढला म्हणून हिरडी आणखी सुजली, सुजली म्हणून रक्त आणखी. नेमकं जिथून रक्त येतं तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, नेटाने घासायचं असतं, हे मला चाळिशीत कळलं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या हाराल्ड लो या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या बाराजणांना दात घासणं बंद करायला सांगितलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत बाराहीजणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवडाभराच्या आसपास त्या पूर्ववत झाल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. बाबांच्या थुंकीतला तो गुलाबी रंग पहिल्यांदा दिसला, त्या दिवसापासून फक्त आठवडाभर.

काकीचं तसं रक्तही कधी आलं नाही. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आक्रसतात, मग आतून दुखणं वाढत असलं तरी हिरडी खूण दाखवेलच असं नाही. डॉक्टरांनी तिचे गाल आतून बोटाने चाचपले, जीभ बाहेर काढायला लावून दोन्ही कडा पाहिल्या. मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडात पांढरा चट्टा, न भरणारं व्रण हे आधी शोधायचं असतं, ते कर्करोगाचं पहिलं पाऊल असू शकतं. तसं काही नव्हतं. तेवढ्या वेळात माझ्या हाताला घाम फुटला होता.

मशीन सुरू झालं. त्याचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि पाण्याचा बारीक फवारा उडवतं. ते दात घासत नाही, वरचा दगड खिळखिळा करून पाडतं. काकीने एका हाताने खुर्चीचा दांडा आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं. ती थुंकायची तेव्हा पांढऱ्या भांड्यात काळे कण खळ्ळकन पडायचे, चिंबोरीच्या कवचाचा चुरा असावा तसे. पाऊण तास गेला, उरलेलं आठ दिवसांनी. उठल्यावर तिने जीभ दातांमागे फिरवली आणि तिचा चेहरा बदलला. तिथे फटी होत्या, वारा लागत होता. "ह्यां तोंड माझां न्हय असां वाटता," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर ती पुन्हा पुन्हा जीभ लावून बघत होती. एसटी वळणं घेत होती आणि मी पर्समध्ये ती पुडी घेऊन बसले होते. ती मी फेकली नव्हती. का ते मला सांगता आलं नसतं.

पुढे कधीतरी वाचलं ते इथे सांगायलाच हवं. जर्मनीतल्या डालहाइम इथे मठाच्या आवारात पुरलेल्या एका बाईच्या किटणात निळे कण सापडले. ती सुमारे हजार वर्षांपूर्वीची. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. निळा रंग होता लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानातून येणारा, सोन्याच्या तोलाचा. ती बहुधा पोथ्या रंगवत असावी आणि कुंचल्याचं टोक ओठांनी साधत असावी. तिचं नाव कुठे उरलं नाही, काम दाताच्या दगडात उरलं. हे वाचून मी पुडी उघडली. या तुकड्यात काय काय असेल? चुलीचा धूर, मशेरीची काजळी, उकड्या तांदळाच्या पेजेचा कण, कोकमाचा डाग, खाडीतल्या रेतीचा कण. काकीने सगळ्यांना वाढून झाल्यावर जे काही खाल्लं ते. तिच्या खाण्याची नोंद आमच्या घरात दुसरीकडे कुठेच नाही.

मी पुण्याला आल्यावर रोज रात्री फोन करायला लागले. आधी ते तिला विचित्र वाटलं. मऊ ब्रश घेऊन दिला होता, फ्लोराइडची पेस्ट, आणि दातांच्या फटीत जाणारे ते बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे इवले ब्रश. डॉक्टरांनी तिच्या हातात धरून दाखवलं होतं: ब्रश आडवा रगडायचा नाही, हिरडी आणि दात मिळतात तिथे तिरका टेकवायचा आणि थोडंथोडं फिरवायचं. भाकरी थापताना कडा सारखी करत नेतो तशी बोटं चालली पाहिजेत, हे काकीचं काकीनेच शोधलं. सकाळचं राहिलं तरी एकवेळ चालेल, निजतानाचं नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि तोंडाला धुणारं कुणी उरत नाही. चहा तिने कमी केला नाही, पण दिवसभर घोट घोट पिणं सोडलं. गोडाचा प्रत्येक घोट तोंडातल्या जंतूंना साधारण अर्धा तास आम्ल बनवायला पुरतो, दिवसातून आठ घोट म्हणजे आठ वेळा अर्धा तास, हा हिशेब तिला पटला. मशेरी मात्र पाचावरून दोनवर आली आणि तिथेच थांबली. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे आणि शेजारणींसोबतची ती दुपार आहे. मी तिला रागावत नाही. पण ती दोनवर आहे हे मी स्वतःला विसरू देत नाही.

आषाढात एका रात्री तिने फोन घेतला नाही. दुसऱ्या रात्री घेतला, पण दातांविषयी विचारल्यावर पाऊस किती लागलाय ते सांगत बसली. मी ओळखलं. मलाही विचारायचं धैर्य झालं नाही. कातळ हलतो का कधी, हे माझंच वाक्य माझ्या कानात होतं.

चतुर्थीला घरी गेले. आरती झाली, पोरं झोपली, गणपतीवर बांधलेल्या माटवीखाली समई तेवत होती. काकी माझ्याजवळ येऊन बसली आणि कनवटीची पुडी काढली. तसाच वर्तमानपत्राचा कागद, तशाच घड्या. आत दात होता. लांब, सडपातळ, मुळासकट. मुळावर जवळपास टोकापर्यंत हिरवट-काळा थर चढला होता, अगदी खालचा इवलासा भाग तेवढा स्वच्छ पिवळा. तेवढ्याच भागाला हाड शिल्लक होतं. तेवढ्यावर तो किती वर्षं उभा होता कोण जाणे.

"ह्यो खरो मां?" तिने विचारलं.

"होय," मी म्हणाले. "हा खरा." मग मला राहवलं नाही. "काकी, मी तुला त्या दिवशी कातळाचं बोलले ते चुकलं. मी तुला नीट सांगायला हवं होतं."

तिने दात माझ्या हातातून घेतला, समईजवळ नेऊन निरखला, मुळावरच्या काळ्या थरावर अंगठ्याचं नख एकदा ओढून पाहिलं. "दुखूक नाय," ती म्हणाली. पुडी परत घडी करून तिने पाटाखाली सरकवली. मग माझा हात धरून मला जवळ ओढलं, पदर खांद्यावर टाकला, मान वर केली आणि समईच्या उजेडात तोंड पूर्ण उघडलं.

"हय बघ," ती बोट लावून म्हणाली. "बाजूचे दोन. हालतत काय?"

मी बोट आत घातलं.